एकाच चुलीवरचं जेवण, दोघींना निराळं

२०१८ च्या सुमारास आमच्या पाचोऱ्यात बाजारात जा, लग्नात जा, विषय एकच असायचा: दोन वेळचं जेवण. डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घराघरात पोचवलेली ती पद्धत. दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवायचं, मधे तोंड बंद.

जाऊबाईंनी आणि मी एकाच दिवशी सुरुवात केली. कळण्याची भाकरी तीच, भरीत तेच. चार महिन्यांत त्यांचं वजन नऊ किलोंनी उतरलं, माझं दोन किलोंवर अडलं. मला वाटलं, आपलाच निश्चय कच्चा. म्हणून मी दुपारचं जेवणही अधूनमधून सोडू लागले.

मला मधुमेह आहे. सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी असते. ती चालूच होती आणि डॉक्टरांना मी काहीच विचारलं नव्हतं. चूक पद्धतीची नव्हे, माझी.

एका दुपारी बट्टीसाठी पीठ मळत होते. हाताला कंप सुटला, मानेवरून घामाच्या धारा लागल्या, परातीची कड दोन-दोन दिसू लागली. जाऊबाई विचारत होत्या, "काय व्हयनं वं?" आणि मला शब्द सापडेना. त्यांनी पाण्यात तीन चमचे साखर ढवळून पाजली. शेजारच्या मशीनवर साखर मोजली तेव्हा ५४ होती. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. हे मला त्यानंतर कळलं.

मग दोघींचा आधीचा दिवस आठवून पाहिला. जाऊबाईंचा गोड चहा सहा वेळा, सोबत बिस्किटं, संध्याकाळी शेव. दोन वेळच्या नियमाने ते सगळं एका झटक्यात गेलं. माझं मधलं खाणं मुळात नव्हतंच. उलट आता दोनदाच मिळणार म्हणून मी तुपात बुडवलेली एक बट्टी जास्तच घ्यायचे. त्यांच्या दिवसातून जे निघालं, ते माझ्या दिवसात कधी नव्हतंच.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ जणांना वर्षभर दोन निरनिराळे आहार दिले. दोन्ही गटांत सरासरी घट जवळपास सारखी निघाली, पण प्रत्येक गटात काहींचं वजन २५ किलोंहून जास्त उतरलं आणि काहींचं चक्क वाढलं. शरीरंही सारखी नसतात. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा बीएमआय एकच होता, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. २००४ मध्ये 'लॅन्सेट'ने ते छापलं.

म्हणून शेजारणीचा आकडा पाहून स्वतःला दोष देऊ नका. आधी सात दिवस पोटात गेलेला प्रत्येक घास आणि चहाचा प्रत्येक कप वहीत लिहा. कमरेचं माप घ्या. बायकांनी ८० सेंटिमीटर आणि पुरुषांनी ९० ही मर्यादा धरावी. काय काढायचं ते ती वहीच दाखवेल. आणि साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवणाची एकही वेळ बदलण्याआधी औषधांची पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांकडे जा.