एसटीच्या पाटण आगारात कंडक्टर म्हणून रुजू झालेल्या भाचीस

चि. सोनी,

तुझा फोन आला त्या रात्री बोलणं अर्धवट राहिलं. तू जे विचारलंस ते फोनवर घाईघाईत सांगण्यासारखं नव्हतंच, म्हणून बसून लिहितो आहे. आगारातल्या एका जुन्या माणसानं तुला सांगितलं, "मशीन सांभाळ, पैसे सांभाळ, बाकी कुणाच्या भानगडीत पडू नकोस." आणि त्याच आठवड्यात सीटखाली सापडलेलं पाकीट एका कॉलेजच्या पोरानं आपणहून तुझ्या हातात आणून दिलं. यातलं खरं जग कुठलं, माणसं अशी का वागतात, आणि आपण चांगलं वागायला गेलो तर भोळसट ठरतो का, असं तुझं विचारणं होतं.

त्या जुन्या माणसावर राग धरू नकोस. त्यानं अनुभवाचंच सांगितलं आहे. हिशेबात पैसे कमी आले की ते कंडक्टरला भरावे लागतात. लाईन चेकिंगला विनातिकीट प्रवासी सापडला की जाब कंडक्टरलाच द्यावा लागतो. त्यामुळे मशीन आणि पैसे सांभाळायलाच हवेत. त्याचं पुढचं वाक्य मात्र मला मान्य नाही.

आधी त्या पाकिटाचं बघू. निवृत्तीनंतर मला वाचनालयात बसायची सवय लागली आहे, तिथं एका मोठ्या प्रयोगाबद्दल वाचलं. संशोधकांनी ४० देशांतल्या ३५५ शहरांत सतरा हजारांहून जास्त पाकिटं मुद्दाम "हरवली". बँक, पोस्ट, हॉटेल, पोलीस ठाणं अशा ठिकाणी जायचं, समोरच्या कर्मचाऱ्याला "हे रस्त्यात सापडलं, तुम्ही बघा" असं सांगून पाकीट द्यायचं आणि निघून जायचं. पाकिटात मालकाचा पत्ता लागेल असं कार्ड, वाणसामानाची यादी आणि एक किल्ली. काही पाकिटांत पैसे होते, काहींत नव्हते. आपला देशही त्यात होता. २०१९ साली निष्कर्ष छापून आले. पैसे असलेली पाकिटं लोक जास्त करून ठेवून घेतील, असा अंदाज सामान्य माणसांनी केला होता, आणि अर्थतज्ज्ञांनाही खरा निकाल आधी ओळखता आला नव्हता. झालं उलटं. जवळजवळ सगळ्या देशांत रिकाम्या पाकिटापेक्षा पैसे असलेल्या पाकिटाच्या मालकाला जास्त लोकांनी कळवलं. तीन देशांत पैसे आणखी वाढवून पाहिले, तर कळवणारे आणखी वाढले.

याचं कारण मला पटलं. रिकामं पाकीट टेबलाच्या खणात पडून राहिलं तरी मनाला टोचत नाही. पैशाचं पाकीट ठेवून घेतलं तर रात्री झोपताना स्वतःलाच चोर म्हणावं लागतं, आणि ते बहुतेकांना सहन होत नाही. पण त्या किल्लीचंही ऐक. काही पाकिटांतून त्यांनी किल्ली काढून टाकली होती. किल्ली फक्त मालकाच्या उपयोगाची, दुसऱ्याला तिची किंमत शून्य. तरीही ज्या पाकिटात किल्ली होती त्यांच्या मालकांना जास्त लोकांनी कळवलं. कुणीतरी घराबाहेर कुलपापाशी खोळंबलं असेल, एवढा विचार त्या अनोळखी माणसांनी केला. म्हणजे स्वतःच्या नजरेत उतरायचं नाही हे एक कारण, आणि दुसऱ्याची अडचण डोळ्यांसमोर येणं हे दुसरं. तुझ्या गाडीतला तो पोरगा अपवाद नव्हता, सोनी. त्याच्यासारखे पुष्कळ असतात. हे आधी मनाशी पक्कं कर, कारण गाडीतल्या प्रत्येकाकडे चोर म्हणून बघायची सवय या नोकरीत फार लवकर लागते.

मग चांगली माणसं वाईट का वागतात? माझ्या मते निम्म्या वेळा त्याचं कारण घाई असतं. याचाही प्रयोग झाला आहे, १९७३ मध्ये छापलेला, अमेरिकेत प्रिन्स्टनला. धर्मगुरू होण्यासाठी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना भाषण द्यायला दुसऱ्या इमारतीत पाठवलं. काहींना भाषणाचा विषयच दिला होता वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या माणसाची बायबलमधली गोष्ट. वाटेवर एक माणूस दारात कण्हत, खोकत बसवून ठेवला होता. ज्यांच्या हाताशी वेळ होता त्यांच्यातले शेकडा त्रेसष्ट थांबले. ज्यांना "उशीर झालाय, पळा" म्हणून सांगितलं होतं, त्यांच्यातले शेकडा दहाच. जी गोष्ट सांगायला चालले होते तिचा त्यांच्या थांबण्या न थांबण्यावर काही परिणाम दिसला नाही. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ आपल्या वेळापत्रकाचा विचार करत बसलो.

आपला धंदाच घाईचा. कंट्रोलर वेळ टाकून देतो, ड्रायव्हर आरशातून बघतो, मागून पुढच्या फेरीची चिंता. अशा वेळी पाचवारी सावरत पळत येणारी म्हातारी आपल्याला माणूस म्हणून दिसतच नाही, फक्त उशीर म्हणून दिसते. म्हणून एक सवय आजच लावून घे. डबल बेल द्यायच्या आधी दारातून एकदा बाहेर बघ, आणि मागच्या रस्त्याकडेही बघ. कोयनेच्या खोऱ्यात, वाड्यावस्त्यांच्या फाट्यांवर, एक गाडी चुकली म्हणजे पुढच्या गाडीपर्यंतचा दिवस गेला. दवाखाना बुडतो, शाळा बुडते, कुणाची कोर्टाची तारीख जाते. त्या एका नजरेनं तुझं वेळापत्रक कोसळत नाही. जिथं खरोखर कोसळेल तिथं थांबू नकोस, आत बसलेले पन्नासजणही तुझेच आहेत. हे ठरवायला थोडं शांत डोकं लागतं. त्यासाठी ड्युटीला दहा मिनिटं आधी जात जा. वेबिल, मशीन, सुट्टे पैसे आधीच लागलेले असले की अर्धी चिडचिड जागच्या जागी संपते.

सुट्ट्यांचं तर तुला नवीन सांगायला नको. आता मशीनवर क्यूआर कोड आला म्हणून भांडणं कमी झाली, तरी म्हातारी माणसं, शाळेची पोरं नोटच पुढे करणार. तिकिटामागे बाकी लिहून दिलीस तर उतरताना त्यांनी मागायची वाट बघू नकोस. तीन रुपयांसाठी तोंड उघडायला गरीब माणसाला लाज वाटते आणि ते तीन रुपये त्याला हवे असतात. आपण बोलावून दिले की ती लाज वाचते.

नियम पाळताना आवाज चढवावा, असा कुठलाही नियम नाही. पंचाहत्तर पूर्ण केलेल्यांना २०२२ पासून मोफत प्रवास आहे, महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. एखादे आजोबा ओळखपत्र घरी विसरून येतील. पुरावा नसेल तर तिकीट फाडावंच लागेल, पण ते त्यांच्याजवळ जाऊन, वाकून, हळू आवाजात सांगता येतं. भरल्या गाडीत "आजोबा, फुकट बसताय काय" असं ओरडलं तर तो माणूस पुन्हा एकटा प्रवासाला निघायचा नाही.

आता एक कडक गोष्ट. कुणाजवळ खरोखर पैसे नसतील आणि तुझ्या मनाला पाझर फुटला, तर तिकीट न काढता बसू देऊ नकोस. ती दया महामंडळाच्या पैशांनी केलेली असते, आणि धरली गेलीस तर तुझ्या नोकरीवर येते. शिवाय आज एकाला सोडलंस की उद्या ओळखीचे चारजण सुटायला बघतात, ज्यांना गरज नाही असेच. वाटलं तर स्वतःच्या खिशातून पैसे घाल, तिकीट काढ आणि त्याच्या हातात दे. चारचौघांना कळू देऊ नकोस. रोज जमणार नाही. पगार तुझा, घर तुझं, आईचं औषधपाणी तुझ्यावर. ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी नाही म्हण, आणि घरी जाऊन मनाला खात बसू नकोस.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच होतं. हेळवाकच्या पुढे कुंभार्ली घाटाची फेरी तुला केव्हातरी लागणार. पावसाळ्यात धुकं, वळणं, घसरलेली मोटरसायकल, हे बघावं लागेल. तिथं लोक दगडी काळजाचे म्हणून थांबत नाहीत असं नाही. पोलीस चौकशी, दवाखान्यात अडकून पडणं, कोर्टाच्या चकरा यांची भीती त्यांना असते, आणि एके काळी ती खोटी नव्हती. आता कायदा बदलला आहे आणि तो तुला तोंडपाठ हवा. मार्च २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून केंद्राच्या सूचनांना बळ दिलं. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं. चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्यावर, जखमी दगावला तरी, दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव सांगायची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. गाडीतला एखादा माणूस खाली उतरायला कचरत असेल तर त्याला हे मोठ्यानं सांग, तो उतरेल. १०८ ला फोन कर, ठिकाण नेमकं सांग, शक्य असेल तर प्रवाशांतल्या दोघांना नेमून काम दे. "कुणीतरी या" म्हटलं तर कुणी येत नाही. "निळ्या शर्टवाले दादा, तुम्ही मागून येणाऱ्या गाड्या थांबवा" म्हटलं की दादा धावतात. आपल्याच गाडीचा अपघात असेल तर जखमींना उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं हे कलम १३४ प्रमाणे कर्तव्यच आहे, तिथं निवड नाही.

सरकारनं मदत करणाऱ्याला बक्षीसही ठेवलं आहे, २०२१ मध्ये पाच हजार होतं, पुढे पंचवीस हजार केलं. मला त्यात वावगं वाटत नाही. पण रक्तात पडलेल्या माणसाजवळ जायचं की नाही याचा निर्णय काही क्षणांत होतो, आणि त्या क्षणांत कुणी बक्षिसाचा हिशेब करत असेल असं मला वाटत नाही. भीती कमी करणारा कायदा बक्षिसापेक्षा मोलाचा.

आणि तुला पहिल्यांदा भीती वाटली, पाय मागे सरला, तर स्वतःला नालायक समजू नकोस. बाबा आमट्यांचं आठव. वरोऱ्याला पावसात कुष्ठरोगानं सडलेला तुळशीराम त्यांना दिसला, तेव्हा ते घाबरून पळाले होते. मैला डोक्यावरून वाहून नेणारा, कुणाला न भिणारा माणूस. ते परत फिरले, त्याच्यावर पावसापासून आडोसा केला, त्याची शेवटपर्यंत सेवा केली, आणि पुढे आनंदवन उभं राहिलं. ते आधी पळाले होते हे त्यांनी स्वतःच जगाला सांगितलं, म्हणून आपल्याला ठाऊक आहे. पहिला धक्का अंगाचा असतो. त्यानंतर परत फिरायला वेळ असतो, तेवढा वापरायचा.

आभाराची वाट बघू नकोस. ज्याच्यासाठी गाडी थांबवशील तोच चढताना "किती उशीर" म्हणून कुरकुरेल. त्याचा दिवस कसा गेला हे आपल्याला माहीत नसतं. उलट माझ्या एसटीच्या नोकरीत लोकांनी माझं किती केलं ते मोजायला गेलो तर हिशेब माझ्यावरच निघतो. मुक्कामाच्या गाडीला आडगावी कुणाच्या ना कुणाच्या घरून आम्हा ड्रायव्हर-कंडक्टरला भाकरी-कालवण यायचं, डोंगरातल्या थंडीत जादा घोंगडी यायची. आम्ही त्या घरचे कुणी नव्हतो. त्यांना विचारलं असतं की का देता, तर त्यांनी माझ्याकडे नवलानं बघितलं असतं. त्यांच्या बापानंही मुक्कामाच्या गाडीला भाकरी दिली होती, एवढंच त्यांना ठाऊक होतं. चांगलं वागणं बहुतेक असंच येतं, बघून आणि घेऊन.

म्हणून शेवटचं सांगणं असं की घ्यायलाही शीक. मे महिन्यात एखादी बाई डोंगरची करवंदं पानाच्या द्रोणात तुझ्यापुढे करील, कुणी फाट्यावर चहा आणून देईल. ड्युटीवर आहे म्हणून झिडकारू नकोस. तिकिटाच्या बदल्यात असेल तर मुळीच घेऊ नकोस, आधी तिकीट फाड. नंतर मग दोन करवंदं घे आणि तिला तिच्या गावाचं नाव विचार.

आईला माझा नमस्कार सांग. पावसाळा तोंडावर आला आहे, बॅटरी आणि एक जादा टॉवेल पिशवीत ठेवत जा.

तुझा,
मामा