मेंदू, वर्तन आणि संख्याशास्त्र

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल व चादरी विणणारे कारखाने आहेत. अशा ठिकाणच्या कामगारांच्या घरी कोठे मराठी, कोठे तेलुगू, तर कोठे कन्नड बोलली जाते. त्यांची दोन-तीन मुले वाचनात मागे पडली, की ‘यांचा मेंदूच मंद’ असे अनुमान काढण्याचा मोह शिक्षकास होतो. शास्त्र त्यास आधार देत नाही.

अमेरिकेत २०१६ ते २०१८ या काळात ९-१० वर्षांच्या ११ हजारांहून अधिक मुलांची नोंद करून त्यांच्या मेंदूची चुंबकीय चित्रे घेण्यास आरंभ झाला. या व इतर संग्रहांवरून २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले, की मेंदूची रचना आणि बुद्धीची कसोटी यांमधील संबंध अत्यंत क्षीण असतो. २५ जणांच्या गटात ठळक भासणारा संबंध दुसऱ्या तशाच गटात बहुधा टिकत नाही; खात्रीसाठी हजारो मुले लागतात. शिवाय हजारोंची सरासरी एका मुलाचे भविष्य सांगत नाही.

म्हणून शिक्षकाने मुलाची घरची भाषा, दृष्टी, श्रवण व हजेरी यांची नोंद ठेवावी, आणि त्याची तुलना त्याच्याच मागील महिन्याच्या प्रगतीशी करावी.