राउटरची रोजकीर्द: दुकानासाठी साधा लॉग सर्व्हर

दुकानात रोजकीर्द कशासाठी लिहितो आपण? संध्याकाळी गल्ला जुळला नाही तर कुठं चुकलं ते सापडावं म्हणून. पण राउटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, बिलिंगचा कॉम्प्युटर यांची रोजकीर्द कोण ठेवतं? बहुतेक दुकानांत कोणीच नाही. मग ई-सेवा केंद्रात शेवटच्या तारखेला गिऱ्हाइकाचा फॉर्म अर्ध्यात अडकतो. इंटरनेटवाला म्हणतो, "आमची लाइन चालूच होती." गिऱ्हाईक तुमच्याकडं बघतं, आणि तुमच्या हातात पुरावा काहीच नसतो.

व्हिडिओत करून दाखवलेलं काम इथं पायरीनं लिहून देतोय.

लॉग म्हणजे काय?

कधी, कोणत्या यंत्रात, काय घडलं याची एक ओळ म्हणजे लॉग. राउटर या ओळी लिहीतच असतो, पण त्याची जागा थोडी. बऱ्याच राउटरमध्ये लाइट गेली की त्या पुसल्या जातात. म्हणून त्याची नक्कल दुसऱ्या मशिनवर पाठवायची. या पद्धतीला सिसलॉग म्हणतात. एरिक ऑलमन यांनी १९८०च्या दशकात सेंडमेल या ईमेलच्या प्रोग्रामसोबत ती तयार केली. आजही मोठ्या सर्व्हरपासून छोट्या राउटरपर्यंत तीच चालते.

घड्याळ आधी

उदाहरण आपल्याच जिल्ह्याचं घ्या. औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. अमेरिकेतल्या लायगोच्या दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय लहर पहिल्यांदा पकडली. दोन्हीकडच्या नोंदींत सुमारे ७ मिलिसेकंदांचा फरक होता. घड्याळं जुळलेली होती म्हणूनच तो फरक कळला. आपल्याला मिलिसेकंद नकोत, मिनिट जुळलं तरी पुरे. पण राउटर १० वाजता म्हणतो आणि डीव्हीआर पावणेदहा, तर दोन्ही नोंदी वाया. म्हणून प्रत्येक यंत्रात एनटीपी चालू करा आणि टाइम झोन भारताचा, म्हणजे अधिक ५:३० ठेवा.

मांडणी

१. जुना लॅपटॉप घ्या. बॅटरी टिकत असेल तर लाइट गेल्यावरही तो नोंद घेत राहतो. त्यावर डेबियन किंवा उबुंटू टाका. झाकण लावल्यावर झोपू नये अशी सेटिंग करा.

२. राउटरमध्ये जाऊन लॅपटॉपला कायमचा पत्ता राखून ठेवा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०. पत्ता बदलला की नोंदी येणं बंद.

३. आरसिसलॉग हा मोफत प्रोग्राम टाका. त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये यूडीपीच्या दोन ओळी असतात. त्यांच्यापुढचं हॅशचं चिन्ह काढा, सेव्ह करा, प्रोग्राम पुन्हा सुरू करा. आता लॅपटॉप ५१४ नंबरच्या पोर्टवर ऐकतोय. फायरवॉल चालू असेल तर हे पोर्ट फक्त दुकानातल्या नेटवर्कसाठी उघडा.

४. राउटरच्या सिस्टिम लॉगच्या पानावर रिमोट लॉग चालू करून लॅपटॉपचा पत्ता द्या. पातळी ० ते ७ असते. ० म्हणजे आणीबाणी, ७ म्हणजे बारीकसारीक सगळं. सुरुवात ६ पासून करा. हा पर्याय प्रत्येक राउटरमध्ये नसतो, म्हणून विकत घेण्याआधीच बघा.

५. तपासणी: इंटरनेटची वायर एक मिनिट काढा, परत लावा. लॅपटॉपवर ओळ आली की काम झालं.

राउटर आणि फायबरचा डबा छोट्या यूपीएसवर ठेवा. नाहीतर लाइट गेली की लाइन गेली, हे वेगळं ओळखता येणार नाही.

वाचायचं कसं?

इंटरनेट तुटलं, पण दुकानातली यंत्रं जोडलेली राहिली, तर दोष बहुधा बाहेरच्या लाइनचा. राउटर नव्यानं सुरू झाल्याच्या ओळी दिसल्या तर वीज किंवा अडॅप्टर बघा. एकच यंत्र सारखं गळतंय तर त्याची वायर. आता फोनवर "नेट नीट चालत नाही" म्हणू नका. तारीख, वेळ, किती मिनिटं, असं लिहून पाठवा. त्या तक्रारीला वजन येतं.

तीन पथ्यं

यूडीपी म्हणजे साधं पोस्टकार्ड. पोचपावती नाही, आणि वाटेत कोणीही वाचू शकतं. म्हणून ५१४ पोर्ट बाहेरच्या इंटरनेटला कधीही उघडू नका.

जुन्या नोंदी किती ठेवायच्या ते लॉगरोटेटमध्ये ठरवा. सर्ट-इननं २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत कंपन्या, सेवा पुरवठादार वगैरेंना १८० दिवस सांगितलेत. तुम्हाला ते लागू आहे का हे तुमच्या सीएला विचारा, पण आकडा चांगला आहे.

गिऱ्हाइकांना वायफाय देत असाल तर त्यांच्या मोबाइलची नावंही नोंदीत येतात. तसा बोर्ड लावा, आणि नोंदी कोणाला दाखवू नका.

धंदा कुठं आहे?

वसमत, कळमनुरी, सेनगाव, कुठंही जा. मेडिकल, अभ्यासिका, ई-सेवा केंद्र, सगळ्यांचं काम नेटवर. जोडणी एकदाच, पण दर महिन्याला एका पानाचा अहवाल: किती वेळा बंद, किती मिनिटं, दोष कुणाचा. मालक पैसे त्या पानाचे देतो, लॅपटॉपचे नाही.

गृहपाठ: आधी स्वतःच्या घरी सात दिवस चालवा. आठव्या दिवशी ते एक पान तयार करा. ते घरच्यांना वाचून समजलं, तरच पहिल्या दुकानाची पायरी चढा.