संशोधन धंद्याच्या कामी यावं म्हणून

माहिती प्रणाली हा विषय मी शिकवते आणि भोसरी-चाकणच्या लघुउद्योगांत त्यावर संशोधन करते. आपलं काम धंद्याच्या उपयोगी पडावं, या धडपडीत हाती लागलेल्या या गोष्टी.

१. प्रश्न कारखान्यातून उचलावा. सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ईआरपी सॉफ्टवेअरमध्ये साठा एक दिसे, रॅकवर दुसराच. मालकांनी विचारलं, "मॅडम, सॉफ्टवेअर घेतलं, तरी स्टोअरकीपर वही का सोडत नाही?" माझ्या अभ्यासाचा विषय तिथेच ठरला.

२. प्रश्नावलीआधी वही वाचावी. जॉबवर्कला गेलेला माल त्या वहीत चलनानुसार होता: कुणाकडे किती नग गेले, किती परत आले, किती रिजेक्ट झाले. ईआरपीत तीच नोंद संध्याकाळी, चलनांचा गठ्ठा ऑफिसात पोचल्यावर व्हायची. 'सहमत-असहमत'च्या चौकटींतून हे कधीच कळलं नसतं.

३. सिद्धान्त हाताशी ठेवावा. माहिती प्रणालीचे संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये दाखवलं की, माणूस प्रणाली वापरतो ती मुख्यतः कामाला उपयोगी वाटते म्हणून. सोपेपणा त्यानंतर येतो. स्टोअरकीपरला स्क्रीन जमत होती, पण दुपारी 'माल कुठे आहे?' याचं उत्तर तिथे मिळत नव्हतं. म्हणून पुन्हा ट्रेनिंग देण्याचा बेत रद्द झाला आणि चलन फाडतानाच गेटवर नोंद सुरू झाली.

४. उत्तर निर्णयाआधी पोचावं. शोधनिबंध छापून येईपर्यंत मालक थांबू शकत नाहीत. आधी मराठीत एक पान द्यावं: काय आढळलं, काय बदलायचं, खर्च किती, जबाबदारी कुणाची. याच विषयाचे अभ्यासक बेनबसाट आणि झ्मूड यांनी १९९९ मध्येच संशोधकांना बजावलं होतं की, विषय व्यवसायाच्या गरजेचा हवा आणि लिखाण व्यावसायिकांना सहज वाचता येईल असं हवं. निबंध जरूर लिहावा, पण त्या पानानंतर.

५. काही महिन्यांनी परत जावं. गेटवरच्या नोंदीमुळे साठ्यातला फरक कमी झाला होता, पण वही पुरती सुटली नव्हती. रिजेक्शनचं कारण लिहायला ईआरपीत जागाच नव्हती. हे निबंधातही लिहावं. अपुरं राहिलेलं काम प्रामाणिकपणे मांडलं, तरच पुढचा मालक सॉफ्टवेअर घेताना नेमकं काय मागायचं ते जाणेल.