वर्षभरातील आमचे कथा-कादंबरीवाचन : काही मते

कथा-कादंबऱ्यांच्या वाचनाने मुले बिघडतात की सुधारतात, हा वाद मराठी घरांतून निदान शंभर वर्षे चालत आलेला आहे. आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातील मराठी घरांत त्यास आणखी एक फाटा फुटलेला असतो. पालक विचारतात, "कचेरीतला कागद तेलुगूत, बाजारातले बोलणे हिंदीत, पुढच्या परीक्षा इंग्रजीत. मग मराठी कादंबऱ्या वाचून आमच्या पोराने काय मिळवायचे?" प्रश्न रास्त आहे, आणि तो विचारणारे बापही आपल्या भाषेचे वैरी नव्हेत. २०१८ च्या कायद्याने तेलंगणातील शाळांत टप्प्याटप्प्याने दहावीपर्यंत तेलुगू अनिवार्य झाली, ते योग्यच झाले. ज्या भूमीत आपण राहतो तिची भाषा आपणांस उत्तम यावयास हवी. परंतु जी भाषा केवळ गुणपत्रिकेपुरती उरते ती फार दिवस घरात टिकत नाही. गोष्ट ऐकण्याची आणि वाचण्याची हौस ज्या भाषेत भागते, तीच जिभेवर राहते. म्हणून या वर्षी आम्ही जी पुस्तके वाचली, काही नव्याने व काही पुन्हा एकवार, त्यांविषयी आमची मते येथे देत आहोत. ती कोणी प्रमाण मानावीत असा आमचा मुळीच आग्रह नाही.

प्रथम मान 'बनगरवाडी'ला. व्यंकटेश माडगूळकरांची ही छोटीशी कादंबरी १९५५ साली पुस्तकरूपाने आली. औंध संस्थानातील माणदेशात धनगरांची एक वाडी आहे. तेथे एक पोरसवदा मास्तर शाळा चालविण्यास येतो. शाळा आहे, पण मुले नाहीत. मुले मेंढरांमागे गेलेली. म्हाताऱ्या कारभाऱ्याच्या आधाराने हळूहळू शाळा भरते, मास्तर वाडीचाच एक होतो, गावकऱ्यांच्या श्रमाने तालीम उभी राहते आणि तिच्या उद्‌घाटनास खुद्द राजेसाहेब येतात. येथवर कोणीही लेखक आला असता. पुढे जे होते ते मात्र माडगूळकरांचे. पाऊस दगा देतो, दुष्काळ पडतो, मेंढरे मरतात, आणि माणसे एकामागून एक वाडी सोडून जातात. तालीम जागच्या जागी उभी असते. लेखक कोठेही रडत नाही व वाचकासही रडा असे सांगत नाही.

या पुस्तकात शेकू नावाचा एक गरीब शेतकरी आहे. त्याच्याजवळ दुसरा बैल नसतो, तेव्हा त्याची बायको बैलाच्या जागी जू आपल्या खांद्यावर घेते. ही पाने आमच्या बेला, जैनथ, तामसी या भागांतील मुलांनी अवश्य वाचावीत. कापसाच्या एका हंगामावर ज्यांच्या घरची वर्षाची गणिते बसतात वा मोडतात, त्यांस या प्रसंगाचा अर्थ समजावून सांगण्यास शिक्षकाची गरज पडणार नाही.

'बनगरवाडी'विषयी आमच्या आवडीचे आणखी एक कारण आहे. मास्तर निवेदन करतो ते प्रमाण मराठीत, आणि माणसे बोलतात ती त्यांच्या माणदेशी बोलीत. कोणती भाषा श्रेष्ठ, असा वादच पुस्तकात उद्भवत नाही. आमच्या मुलांच्या बोलण्यात वऱ्हाडी वळणे असतात, तेलुगू व हिंदी शब्द सहज येतात. पुढे नांदेडला अगर पुण्याला गेल्यावर कोणी हसले की ती मुले गप्प होतात. त्यांनी हे पुस्तक वाचावे आणि मग आपल्या आजीचे बोलणे पुन्हा एकदा लक्ष देऊन ऐकावे. अमोल पालेकर यांनी १९९५ साली यावर चित्रपट काढला. तो चांगला आहे, पण तो पाहिल्याने पुस्तक वाचल्याचे पुण्य पदरी पडत नाही.

'श्यामची आई'विषयी नव्याने काय लिहावे? साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ते लिहिले, १९३५ साली ते प्रसिद्ध झाले, आणि आचार्य अत्र्यांच्या चित्रपटास राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक लाभले, हे विद्यार्थ्यांस पाठच असते. आम्ही इतकेच म्हणू, की हे पुस्तक एका बैठकीत वाचण्याचे नव्हे. त्यात ४२ रात्री आहेत; एका रात्री एक गोष्ट, आणि तीही घरात कोणीतरी मोठ्याने वाचावी. आणखी असे, की हे केवळ रडविणारे पुस्तक आहे असा समज करून घेऊ नये. सावकारीचे कर्ज एक घर कसे पोखरते याचे इतके साधे आणि इतके अचूक वर्णन मोठमोठ्या सामाजिक कादंबऱ्यांतही क्वचित सापडते.

पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी आमची पहिली शिफारस भा. रा. भागवतांच्या 'फास्टर फेणे'ची. फुरसुंगीचा हा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, सायकलवर स्वार होऊन संकटांच्या मागे धावतो आणि जिभेने 'ट्टॉक' करतो. तो प्रतापगडावर जातो, गुलमर्गला जातो, आणि १९६२ च्या युद्धाच्या वेळी सरहद्दीवरही पोहोचतो. एवढे पराक्रम एकाच मुलास कसे जमले, अशी शंका मोठ्यांना येते. लहानांना येत नाही, आणि ते बरोबर आहे. भागवतांची वाक्ये तोकडी, चपळ व खेळकर असतात. मराठी वाचनाचा कंटाळा करणाऱ्या मुलाच्या हाती उपदेशाचे पुस्तक देण्यापेक्षा हे द्यावे. येथेच 'चांदोबा'चीही आठवण करणे अगत्याचे आहे. मद्रासेस १९४७ साली तेलुगू व तमिळमध्ये 'चंदामामा' निघाला आणि १९५२ साली त्याचा मराठी भाऊ 'चांदोबा' अवतरला. एकच विक्रम, एकच वेताळ, एकच चित्र आणि भाषा मात्र दोन! आमच्या जिल्ह्यातील मुलांना दोन्ही लिप्या शिकण्यास याहून सुखाचे साधन कोणते असेल? ते मासिक आता बंद पडले आहे. परंतु बालभारतीचे 'किशोर' १९७१ पासून चालू आहे आणि त्याचे जुने अंक संगणकावर विनामूल्य वाचता येतात.

रहस्यकथा आणि भयकथा यांस शाळेत सहसा मान मिळत नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजारांवर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय हे त्यांचे वीर एके काळी घरोघरी उशाखाली लपलेले असत. कथानके आज जुनी वाटतात व माणसे पुठ्ठ्याची, हे खरे. पण पान उलटावयास लावण्याची कला या गृहस्थांपाशी होती. नारायण धारपांच्या भयकथा याहून वरच्या प्रतीच्या. त्यांचे भय एकदम अंगावर येत नाही. ते वाड्याच्या एखाद्या बंद खोलीतून, एखाद्या साध्या वाक्यातून झिरपते. २०१८ च्या 'तुंबाड' चित्रपटाने धारपांच्या कथेतून प्रेरणा घेतली, तेव्हा कित्येक तरुणांस हे नाव प्रथमच कळले. नववीच्या खालच्या मुलांनी धारप वाचू नयेत. आणि वरच्यांनीही श्रावणात वीज गेलेली असताना वाचू नयेत.

यंदाच्या वाचनात आम्ही सर्वांत अधिक काळ रमलो तो डॉ. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथांत. २०२५ च्या मे महिन्यात ते निवर्तले, आणि त्या निमित्ताने आम्ही त्यांचे कथासंग्रह पुन्हा हाती घेतले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने कथा पाठविली होती. आपल्या कीर्तीकडे पाहून परीक्षकांनी गुण देऊ नयेत म्हणून! आपल्याच नावाची आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती. त्या कथेस पारितोषिक मिळाले.

त्यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत इतिहासाचा एक प्राध्यापक अपघातानंतर निराळ्याच जगात जाऊन पडतो. तेथे १७६१ च्या पानिपतावर मराठ्यांचा जय झालेला आहे. का? तर विश्वासरावांना लागावयाची गोळी त्यांना चाटून गेली, एवढ्याचसाठी. गंगाधरपंत मुंबईस येतात तो तेथे अजून कंपनी सरकारचा अंमल! ते ग्रंथालयात धाव घेतात आणि बखरींची पाने चाळू लागतात. या कथेतील विज्ञान, म्हणजे एका क्षणाला अनेक वाटा फुटण्याची कल्पना, दहावीच्या मुलास सहज समजते. पण आमच्या मते कथेचा खरा नायक विज्ञान नसून तो कागद आहे, जो दुसऱ्या जगातून गंगाधरपंतांबरोबर परत येतो. पुरावा हाती आहे, तो खरा आहे, आणि तरीही तो आपल्या जगाच्या इतिहासाशी जुळत नाही. याहून चांगला इतिहासाचा धडा आम्ही वाचलेला नाही. नारळीकरांची पात्रे पुष्कळदा एकसारखी बोलतात, स्त्रीपात्रे तर नावापुरतीच येतात, हा दोष मात्र मान्य केला पाहिजे.

गंगाधरपंतांच्या जोडीला रणजित देसाई यांची 'स्वामी' वाचावी. १९६२ ची ही कादंबरी, १९६४ साली साहित्य अकादमीने गौरविलेली. पानिपताच्या वर्षीच, सोळाव्या वर्षी, पेशवा झालेल्या माधवरावांची ही कथा. निजामाशी राक्षसभुवनाची लढाई १७६३ साली झाली ती गोदेच्याच काठी. आणि आमचा जिल्हा तर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेव्हा पुण्याच्या वाड्यातून दिसणारा निजाम आणि आमच्या पणजोबांनी अनुभवलेला निजाम यांत अंतर आहे, हे ध्यानात ठेवूनच ही कादंबरी वाचावी. रमाबाई व माधवराव यांचे संवाद सुंदर आहेत. क्वचित अतिगोड होतात. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'विषयी (१९६७) तर आमची एक तक्रारच आहे. कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन यांनी आपापल्या मुखाने कथा सांगण्याची योजना उत्तम. पण ती वाचलेल्या मुलांच्या निबंधांत पुढे वर्षभर सूर्य 'तेजाळत' राहतो आणि साधे वाक्य म्हणून हाती लागत नाही.

अण्णा भाऊ साठे यांच्या 'फकिरा'त (१९५९) असा साज नाही. शाळा जेमतेम दीड दिवस पाहिलेल्या माणसाने हे लिहिले आहे, आणि ते बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीस अर्पण केले आहे. उपाशी वस्तीसाठी इंग्रजांचा खजिना लुटणारा फकिरा अखेर आपल्या माणसांच्या सुटकेसाठी स्वतः हजर होतो. हे पुस्तक आमच्या भागातील वाचकास कोमरम भीमाची आठवण दिल्यावाचून राहत नाही. गोंडांच्या जमिनी व जंगल यांसाठी उभा राहिलेला भीम १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांस येथे पाठविले, आणि मारलवाई येथे गोंड शिक्षकांचे वर्ग सुरू होऊन गोंडी भाषेची पुस्तके देवनागरी लिपीत छापली गेली. म्हणजे 'फकिरा'ची अक्षरे आमच्या गोंड सोबत्यांच्या आजोबांसही परकी नव्हती.

भीमावर साहू आणि अल्लम राजय्या यांनी लिहिलेली कादंबरी तेलुगूत आहे. ज्यांना तेलुगू येते त्यांनी ती मुळातून वाचावी. २०२२ च्या गाजलेल्या चित्रपटात भीम व अल्लूरि सीताराम राजू हे जिवलग मित्र म्हणून नाचतात. प्रत्यक्षात त्या दोघांची कधी भेट झाली नव्हती. कल्पनेस हे स्वातंत्र्य आहेच. मात्र ते कोठे घेतले गेले, हे वाचकास व प्रेक्षकास कळले पाहिजे.

शेवटी वरच्या वर्गांतील मुलींसाठी आणि त्यांच्या आयांसाठी एक जुने पुस्तक. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी १८९० ते १८९३ या काळात 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः आली. यमू नावाची मुलगी आपले जीवन आपण सांगते : परकर नेसून खेळण्याचे वय, लग्न, नवऱ्याने हौसेने शिकविलेली अक्षरे, मग वैधव्य आणि सक्तीचे केशवपन. पुस्तक लांबट आहे, मधली काही प्रकरणे आजच्या वाचकास रेंगाळलेली वाटतील. ती ओलांडून जाण्यास आमची हरकत नाही. पण यमूचे पहिल्या भागातील बोलणे ओलांडू नये. भातुकली, भावाशी भांडण, आजीचा राग, हे सारे इतके जिवंत आहे की पुढचे वाचताना पान धरवत नाही. बालविवाहाविरुद्धचे कायदे आता पुष्कळ झाले, तरी दहावीच्या आधी शाळेतून एखाद्या मुलीचे नाव कमी होते, तेव्हा ही यमू फार दूरची वाटत नाही.

या कादंबरीचा तेलुगू अनुवाद 'अबला जीवितम्' या नावाने आहे, आणि तो केला आहे पी. व्ही. नरसिंह राव यांनी. वरंगळ जिल्ह्यात जन्मलेले, पुण्यात व नागपुरात शिकलेले हे गृहस्थ पुढे १९९१ साली भारताचे पंतप्रधान झाले. तेलंगणातील एका मुलाने मराठी शिकून काय मिळविले, असे कोणी विचारल्यास त्याच्या पुढ्यात हे पुस्तक ठेवता येईल. ज्या घरांत आई मराठी वाचते आणि मुलगी तेलुगू अधिक सफाईने वाचते, त्यांनी दोन्ही प्रती एकदम आणाव्यात आणि एकेक प्रकरण आळीपाळीने वाचावे.