प्रशिक्षणात बिथरणारा घोडा : आधी माशी पाहावी, मग चाबूक

प्रशिक्षणाच्या वेळी काही घोडे मान झटकतात, पाय आपटतात, शेपटी सतत फटकारतात, लगाम ओढतात आणि अखेर उधळतात. दोष बहुधा घोड्याच्या स्वभावाला दिला जातो. लगाम आवळला जातो, चाबूक उगारला जातो आणि तेवढ्याने भागले नाही, तर ‘खोडीचा घोडा’ म्हणून तो पडत्या किमतीला विकला जातो. वास्तविक पावसाळ्यात व त्यानंतरच्या काही आठवड्यांत अशा वर्तनामागे रक्तशोषक कीटक असण्याची शक्यता मोठी असते. म्हणून घोड्याला शांत करण्याचे पहिले पाऊल कीटकांची पाहणी हे असावे.

नदीकाठ, घोडा आणि माशी

काशीतील अमृतराव घाट हा रघुनाथरावांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे यांच्या नावाने ओळखला जातो. पुराचे पाणी ओसरल्यावर काशीच्या घाटांसमोरील पैलतीराच्या वाळूवर पर्यटकांसाठी घोडे व उंट आणले जातात. महाराष्ट्रातही घोड्यांचे नाते नद्यांशीच आहे. भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी घोड्याची अलीकडेच स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली आहे, तर सारंगखेड्याचा घोडेबाजार दत्तजयंतीला तापीकाठी भरतो.

घोडमाशीचे नातेही नदीकाठाशीच आहे. ती पाण्यावर झुकलेल्या गवतावर व पानांवर अंडी घालते आणि तिच्या अळ्या काठच्या ओल्या चिखलात वाढतात. त्यामुळे सरावाचे मैदान पाणथळ काठाला लागून असेल, तर घोड्याला शिकवण्याची वेळ आणि माशीची उपासमार भागण्याची वेळ एकच ठरते.

वर्तनावरून कीटक ओळखावा

• घोडमाशी : आकाराने मोठी. भर उन्हात, उष्ण व दमट हवेत हल्ला करते. केवळ मादी रक्त शोषते. तिचे मुखावयव कातडी कापणारे असल्याने दंश अत्यंत वेदनादायक असतो. घोडा एकाएकी उसळतो. ती सहसा गर्द सावलीत येत नाही. छपराखाली नेताच घोडा निवळला, तर संशय हिच्यावर घ्यावा.

• तबेल्यातील चावरी माशी : घरमाशीसारखीच दिसते, परंतु हिची टोकदार सोंड पुढे आलेली असते. नर व मादी दोन्ही रक्त शोषतात. मुख्यतः पायांना चावत असल्याने घोडा एकसारखे पाय आपटतो.

• चपटी माशी : चिवट, चामड्यासारख्या अंगाची. शेपटीखाली व जांघेत चिकटून राहते आणि खेकड्यासारखी तिरकी पळते. सवय नसलेला घोडा हिच्यामुळे लाथा झाडतो.

• चिलटे : एक ते तीन मिलिमीटर आकाराची. पहाटे व संध्याकाळी चावतात. आयाळ व शेपटीच्या मुळाशी तीव्र खाज सुटते. घोडा अंग घासतो व खोगीर सहन करत नाही.

• बॉटमाशी : चावत नाही, पुढच्या पायांच्या केसांवर पिवळसर अंडी चिकटवते. तिच्या गुणगुणण्यानेच घोडा भयभीत होतो.

दंशाला शिक्षा का नसावी

घोडा दोन घटना एकापाठोपाठ घडल्या की त्यांची सांगड घालतो. दंशाने उसळलेल्या घोड्याला त्याच क्षणी चाबूक बसला, तर मैदान, खोगीर आणि स्वार यांचा वेदनेशी संबंध त्याच्या मनात पक्का होतो. पुढे माशी नसतानाही तो त्याच जागी बिथरतो. मोसमी त्रासाचे कायमच्या खोडीत रूपांतर होते ते असे. लगाम आवळून धरल्यानेही मान हलवून माशी उडवण्याची त्याची वाट बंद होते आणि घबराट वाढते.

सत्रापूर्वी व सत्रात काय करावे

१. खोगीर चढवण्यापूर्वी दहा मिनिटे निरीक्षण करावे. एका मिनिटात शेपटी किती वेळा फटकारली व पाय किती वेळा आपटले, हे मोजून लिहावे. हीच मोजणी सावलीत व उन्हात, सकाळी व दुपारी करावी. जागा किंवा वेळ बदलताच आकडे घटले, तर कारण कीटकांत शोधावे.

२. जबड्याखालील नाडी पंधरा सेकंद मोजून चाराने गुणावी. विश्रांतीच्या स्थितीत प्रौढ घोड्याचे ठोके साधारणपणे मिनिटाला २८ ते ४४ असतात. शांत उभा असतानाही ठोके याहून बरेच जास्त असतील, तर नवा धडा देऊ नये.

३. खरारा करताना जांघ, शेपटीखालचा भाग व पायांवरील अंडी तपासावीत. मानेचा व पाठीचा सांधा, म्हणजे आयाळ संपते तेथील उंचवटा, बोटांनी हळूहळू खाजवावा. घोडे एकमेकांना तेथेच खाजवतात आणि त्याने हृदयाचे ठोके मंदावतात, असे १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले आहे.

४. घोडमाशीच्या काळात सत्र सकाळी लवकर, मोकळ्या वाऱ्याच्या जागी घ्यावे. मात्र चिलटांचा त्रास असेल, तर पहाट टाळून ऊन वर येऊ द्यावे.

५. घोडा उसळल्यास लगाम सैल परंतु हातात ठेवून मोठ्या वर्तुळात चालवावे. लांब दोरीवर गोल फिरवणे, म्हणजेच कावा देणे, हे चालीनेच करावे. दमवण्यासाठी चौखूर पळवल्यास उत्तेजना आणखी वाढते. मान खाली आली व श्वास संथ झाला की दोरीचा ताण त्वरित सोडावा. ताण सुटणे हेच त्याचे बक्षीस होय.

६. सोप्या व जमलेल्या धड्यावर सत्र संपवावे.

कीटक नसतानाही उत्तेजना टिकली, तर खोगिराची जखम, दात, लगामाचे माप आणि कमी कामावर दिले जाणारे जादा धान्य यांची तपासणी करावी.

कीटकांचे व्यवस्थापन

चावरी माशी लीद व मूत्र मिसळलेल्या कुजक्या गवतात वाढते. उष्ण हवेत तिची पिढी साधारण तीन आठवड्यांत पूर्ण होते. त्यामुळे आठवड्यातून किमान दोनदा ओले गवत हलवल्यास साखळी तुटते. चिलटे दुबळी उडणारी असल्याने तबेल्यातील पंखा उपयोगी पडतो. निळ्या व काळ्या कापडाचे सापळे घोडमाशी व चावरी माशी दोन्ही पकडतात. ते घोड्यांपासून काही अंतरावर, उन्हात लावावेत.

रंगाचाही परिणाम होतो. गडद घोड्यांकडे घोडमाश्या अधिक आकर्षित होतात, हे हंगेरीतील शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये दाखवले. २०१९ मध्ये टिम कॅरो व सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये घोड्यांवर झेब्र्यासारख्या पट्ट्यांची झूल घातली असता माश्या जवळ येऊनही कमी प्रमाणात बसल्या. उघड्या डोक्यावर मात्र फरक पडला नाही. पातळ सुती, पट्ट्यांची किंवा पांढरी झूल हा कमी खर्चाचा उपाय आहे.

एक इशारा अत्यावश्यक आहे. गाई-म्हशींवरील गोचिडांसाठी वापरले जाणारे अमित्राझ घोड्यावर कधीही फवारू नये. त्याने आतड्यांची हालचाल मंदावून जीवघेणा पोटशूळ होऊ शकतो. कोणतेही कीटकनाशक पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच वापरावे.

सर्रा रोगाची शंका केव्हा घ्यावी

ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्ये डेरा इस्माईल खान येथे घोडे व उंटांच्या रक्तात सर्रा रोगाचा परजीवी शोधला. घोडमाशीचे रक्तशोषण अर्धवट तुटले की ती लगेच दुसऱ्या जनावरावर बसते आणि सोंडेवरील ताजे रक्त परजीवीसह तेथे पोहोचवते. उंट, म्हशी व गुरे यांच्यात हा परजीवी ठळक लक्षणांविना राहू शकतो. त्यामुळे बाजारात, यात्रेत किंवा नदीकाठी घोडे अशा जनावरांपासून दूर बांधावेत.

चढउताराचा ताप, खाणे चालू असूनही रोडावणे, पाय व पोटाखाली सूज, मागच्या पायांत अशक्तपणा किंवा एकाच दिशेने गोल फिरणे दिसल्यास प्रशिक्षण थांबवून त्वरित रक्ततपासणी करावी. उपचार न झाल्यास घोडा दगावू शकतो.

विस्तार कार्यकर्त्यांनी प्रत्येक घोडेपालकाकडे सत्राची वेळ, जागा, हवामान, शेपटी व पायांची मोजणी आणि घोड्याचे वर्तन या पाच बाबींची साधी वही सुरू करून द्यावी. घोडा विकण्याचा निर्णय घेण्यापूर्वी पावसाळ्यातील व उन्हाळ्यातील नोंदी शेजारी ठेवून पाहाव्यात. खोड कीटकांच्या मोसमाबरोबर येत-जात असेल, तर घोडा न विकता तबेला, वेळ आणि मैदान बदलावे.