पहिली फाइल प्रोटेक्ट करण्याआधी

दस्तऐवजांचे हक्क सांभाळणारा सर्व्हर बसवणं हे एका दुपारचं काम आहे, आणि धोका नेमका तिथेच आहे. विझार्ड एकेक प्रश्न विचारतो, आपण उत्तरं देत पुढे जातो, शेवटी सगळं नीट झाल्याचा संदेश येतो. पण त्यातल्या तीन-चार प्रश्नांची उत्तरं त्या सर्व्हरपुरती राहत नाहीत. पुढे संरक्षित होणाऱ्या प्रत्येक फाइलीत ती शिरतात. फाइल पेनड्राइव्हवरून बाहेर गेली किंवा ग्राहकाच्या मेलबॉक्समध्ये वर्षानुवर्षं पडून राहिली, तरी ती उत्तरं तिच्याबरोबरच असतात. नंतर कन्सोल उघडून ती बदलू म्हटलं तर बदलत नाहीत. याची किंमत मोजणारी माणसं मी जवळून पाहिली आहेत, म्हणून हे लिहितो आहे.

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातली, वाहनांचे सुटे भाग बनवणारी एक मध्यम आकाराची कंपनी. तिथल्या सर्व्हरांची जबाबदारी माझ्याकडे आली तेव्हा मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी राइट्स मॅनेजमेंट सर्व्हिसेस, म्हणजे एडी आरएमएस, तिथे बरीच वर्षं वापरात होती. एका बाहेरच्या ठेकेदाराने ती बसवून दिली होती. कॉस्टिंग शीट, कोटेशन, कंट्रोल प्लॅन, ग्राहकाच्या मंजुरीसाठी सादर करायची पीपीएपीची कागदपत्रं, हे सगळं वर्ड आणि एक्सेलमध्ये, आणि सगळं संरक्षित. मालकांची काळजी रास्त होती. नोकरी सोडून जाणारा माणूस दरपत्रकं बरोबर घेऊन जातो, हा या धंद्यातला जुना अनुभव आहे.

मी येण्याच्या थोडं आधी जुनं मशीन थकलं म्हणून ते बंद करून स्टोअरमध्ये ठेवलं होतं आणि नव्या मशीनवर तोच रोल पुन्हा कोरा बसवला होता. नव्या फाइली प्रोटेक्ट होत होत्या, उघडत होत्या. जुन्याही बऱ्याच उघडत होत्या, कारण एकदा मिळालेलं वापराचं लायसन्स वापरणाऱ्याच्या लॅपटॉपवर साठून राहतं आणि त्याची मुदत असेपर्यंत फाइल सर्व्हरला न विचारता उघडते. त्यामुळे बिघाड बरेच दिवस कोणाच्या लक्षातच आला नाही. मग ग्राहकाचं ऑडिट लागलं आणि क्वालिटीच्या मॅडमचा फोन आला, "सर, मागच्या मॉडेलचे कंट्रोल प्लॅन उघडत नाहीयेत. सर्व्हर सापडत नाही म्हणतंय. ऑडिटर समोर बसलेत."

हे का झालं, ते समजून घेणं कन्सोलमधल्या कुठल्याही बटणापेक्षा महत्त्वाचं आहे. फाइल संरक्षित होते तेव्हा तिच्यातला मजकूर एका किल्लीने कूटबद्ध होतो. ती किल्ली पुन्हा आरएमएस क्लस्टरच्या, म्हणजे एक किंवा अधिक सर्व्हर मिळून बनलेल्या सेवेच्या, सार्वजनिक किल्लीने कूटबद्ध होते आणि प्रकाशन लायसन्समध्ये, म्हणजे फाइलीच्याच पोटात, ठेवली जाते. तिच्याशेजारीच क्लस्टरचा पत्ता लिहिलेला असतो. फाइल उघडणाऱ्याचा संगणक त्या पत्त्यावर जातो, आपली ओळख सांगतो आणि क्लस्टरकडून वापराचं लायसन्स घेतो. म्हणजे दोन गोष्टी शाबूत लागतात: तो पत्ता आणि क्लस्टरची खासगी किल्ली. चाकणला दोन्ही गेल्या होत्या. पत्ता म्हणून ठेकेदाराने थेट त्या मशीनचं नाव दिलं होतं आणि आता त्या नावाचं मशीन नेटवर्कवर नव्हतं. नव्या क्लस्टरची किल्ली वेगळी होती. त्यामुळे नुसता पत्ता वळवूनही काही हाती लागलं नसतं.

कंपनीचं नशीब एवढंच, की जुनं मशीन भंगारात गेलं नव्हतं. ते चालू झालं. त्याच्या कन्सोलमध्ये ट्रस्ट पॉलिसीज या भागाखाली विश्वासू प्रकाशन डोमेन म्हणजे टीपीडी निर्यात करण्याची सोय असते. त्या एका फाइलीत क्लस्टरचं प्रमाणपत्र, त्याची खासगी किल्ली आणि टेम्प्लेट, म्हणजे हक्कांचे तयार साचे, असतात, वर पासवर्ड. ती फाइल आम्ही नव्या क्लस्टरमध्ये आयात केली, जुनं नाव डीएनएसमधून नव्या सर्व्हरकडे वळवलं आणि त्या नावाने येणाऱ्या विनंत्यांना तो उत्तर देईल अशी व्यवस्था केली. कंट्रोल प्लॅन उघडले. ऑडिटमध्ये मात्र त्या दिवसाची नोंद पडलीच. आणि त्या मशीनची डिस्क पुसून कोणी विकली असती, तर मागच्या कित्येक वर्षांची कागदपत्रं कायमची गेली असती. जगातला कोणताही तज्ज्ञ ती परत आणू शकला नसता, कारण कूटबद्धता असते ती त्यासाठीच.

म्हणून पहिला सल्ला पत्त्याचा. क्लस्टरचा पत्ता आणि पोर्ट एकदा ठरले की बदलत नाहीत, विझार्ड तशी सूचनाही देतो. तिथे मशीनचं नाव कधीही टाकू नका. डीएनएसमध्ये एक वेगळं, सेवेचं नाव तयार करा आणि ते मशीनकडे वळवा. उद्या मशीन बदललं तर फक्त ते वळण बदलेल. त्या नावात मशीनचा क्रमांक, विंडोजची आवृत्ती, इमारतीचा मजला असलं काही नको. पत्ता पहिल्या दिवसापासून एचटीटीपीएसचाच हवा आणि प्रमाणपत्र सगळे संगणक ज्यावर विश्वास ठेवतात अशा ठिकाणचं हवं. सर्व्हरने स्वतःच स्वतःला दिलेलं प्रमाणपत्र चाचणीपुरतं ठीक आहे. बाहेरगावचे विक्री प्रतिनिधी किंवा घरून काम करणारे लोक फाइली उघडणार असतील तर बाहेरचा पत्ताही आधीच भरून ठेवा. तो नंतर भरता येतो, पण त्याआधी संरक्षित झालेल्या फाइलींमध्ये तो नसतो, आणि नागपूरला हॉटेलात बसलेल्या माणसाला हे फोनवरून समजावणं फार अवघड जातं.

दुसरा सल्ला किल्लीचा. विझार्ड विचारतो, किल्ली एडी आरएमएसनेच सांभाळायची की वेगळ्या क्रिप्टोग्राफिक पुरवठादाराकडे, उदाहरणार्थ हार्डवेअर सुरक्षा मॉड्यूलमध्ये, ठेवायची. लहान-मध्यम कंपनीला पहिला पर्याय पुरतो. तेव्हा मागितला जाणारा क्लस्टर किल्लीचा पासवर्ड पुढे रोज लागत नाही, म्हणूनच तो हरवतो. क्लस्टरमध्ये दुसरा सर्व्हर जोडताना किंवा बॅकअपवरून सर्व्हर पुन्हा उभा करताना तो लागतो, नेमका सगळे घाबरलेले असतात तेव्हा. तो कागदावर लिहून, पाकीट सील करून, कंपनीच्या तिजोरीत ठेवा आणि कुठे ठेवला आहे ते किमान दोन जबाबदार माणसांना माहीत असू द्या. एखाद्याच्या डोक्यात किंवा एखाद्याच्या ईमेलमध्ये तो ठेवणं म्हणजे तो न ठेवणंच. याच सुमारास कूटपद्धतीचा प्रश्नही येतो. दुसरी पद्धत निवडा. तिच्यात २०४८ बिटांची आरएसए किल्ली आणि एसएचए-२५६ वापरतात, पहिलीत १०२४ बिटांची किल्ली आणि एसएचए-१. पहिलीवरून दुसरीकडे जाता येतं, परतीचा रस्ता नाही.

डेटाबेसचंही तसंच. विंडोजच्या आतला डेटाबेस निवडला की काम लवकर होतं, पण त्या क्लस्टरला नंतर दुसरा सर्व्हर जोडता येत नाही. एसक्यूएल सर्व्हर घ्या. तीन डेटाबेस तयार होतात. त्यातल्या कॉन्फिगरेशनच्या डेटाबेसचा बॅकअप सर्वांत मोलाचा, कारण किल्ली आरएमएसकडे असेल तर ती तिथेच असते. नोंदींचा डेटाबेस फुगत जातो, त्याच्या साफसफाईचं वेळापत्रक ठरवून टाका.

आता माणसांबद्दल. एडी आरएमएस माणसाला ओळखतं ते ॲक्टिव्ह डिरेक्टरीतल्या त्याच्या ईमेल पत्त्यावरून. तो रकाना रिकामा असेल तर त्या माणसाला हक्क मिळत नाहीत. समूहाला हक्क द्यायचे तर समूहालाही ईमेल पत्ता लागतो. शॉपफ्लोअरवरच्या बऱ्याच पर्यवेक्षकांची खाती फक्त लॉगिनपुरती असतात. ती आधी तपासा. आणि आणखी एक गोष्ट: लग्नानंतर बाईचं आडनाव बदलतं, बऱ्याच कंपन्यांत तिचा ईमेलही बदलतो, आणि जुन्या पत्त्यावर दिलेले हक्क तिच्या नव्या पत्त्याला लागू होत नाहीत. ज्या कॉस्टिंग शीट तिनेच तयार केल्या, त्या तिलाच उघडत नाहीत. उपाय सोपा आहे, जुना पत्ता तिच्या खात्यावर पर्यायी पत्ता म्हणून राहू द्यायचा. पण हे एचआरला आणि मेल सांभाळणाऱ्याला आधी सांगून ठेवलं पाहिजे, नाहीतर "जुने पत्ते साफ करा" अशी कोणाची तरी मोहीम निघते आणि त्यात हे पत्ते जातात.

टेम्प्लेट कमी ठेवा. पाच-सहा टेम्प्लेट लोकांना कळतात, तीसच्या यादीतून माणूस पहिलं दिसेल ते निवडतो. टेम्प्लेटमधले हक्क नंतर बदलले तर ते जुन्या फाइलींनाही पुढच्या लायसन्सपासून लागू होतात, ही मोठी सोय आहे, म्हणून फाइलीगणिक हक्क देण्यापेक्षा टेम्प्लेट वापरण्याची सवय लावा. मात्र टेम्प्लेट नको झालं तर ते काढून टाकू नका. ते संग्रहात टाकण्याचा पर्याय कन्सोलमध्ये आहे. काढून टाकलेल्या टेम्प्लेटच्या फाइली वापरणाऱ्यांना उघडत नाहीत.

टेम्प्लेटमध्येच एक मोहात पाडणारा पर्याय असतो: प्रत्येक वेळी फाइल उघडताना नवं लायसन्स घ्यायला लावा. सुरक्षेच्या बैठकीत हे ऐकायला फार छान वाटतं. त्याचा अर्थ असा, की सर्व्हर बंद तर फाइल बंद, विमानात बंद, वीज गेलेल्या गोदामात बंद. दुसऱ्या टोकाला, लायसन्सला मुदतच नाही दिली तर नोकरी सोडलेल्या माणसाच्या लॅपटॉपवरचं लायसन्स चालतच राहतं. माझं मत असं, की दरपत्रकांना काही दिवसांची मुदत द्यावी आणि प्रत्येक वेळची सक्ती फक्त खरोखर मोजक्या कागदांवर लावावी. प्रमाणपत्रांच्या मुदतीही एका वहीत लिहून ठेवा. डिसेंबर २००९मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस २००३मधल्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली, आरएमएसने संरक्षित केलेल्या फाइली लोकांना उघडेनात, आणि कंपनीला घाईघाईने दुरुस्ती द्यावी लागली. ज्यांनी ही व्यवस्था बनवली त्यांच्याकडे हे होऊ शकतं, तर आपल्याकडेही होईल असं धरूनच चालावं.

सुपर युजरची सोय सुरुवातीला बंद असते आणि अनेक ठिकाणी ती तशीच राहते. सुपर युजर म्हणून नेमलेल्या समूहातल्या माणसाला क्लस्टरने संरक्षित केलेली कोणतीही फाइल उघडता येते. म्हणून व्यवस्थापन घाबरतं, ते योग्यही आहे. पण एखादा सहकारी अचानक वारला, त्याने फक्त स्वतःसाठी बंद केलेल्या फाइलीत चालू ऑर्डरचा हिशेब असेल, तर दुसरा मार्ग नाही. ईमेल पत्ता असलेला एक वेगळा समूह तयार करा, तो नेहमी रिकामा ठेवा, गरज पडली तर लेखी परवानगीने माणूस आत घ्या, काम झालं की बाहेर काढा, आणि त्याची नोंद ठेवा. समूहाची सदस्ययादी सर्व्हर काही तास साठवून ठेवतो, म्हणून आत घेतल्यावर लगेच उघडलं नाही तर गडबडून जाऊ नका.

हक्कांचा सर्व्हर काय करू शकत नाही, हेही मालकांना पहिल्याच बैठकीत सांगा. प्रिंट बंद करता येते, कॉपी बंद करता येते, मेल पुढे पाठवणं बंद करता येतं. पडद्याचा मोबाइलने काढलेला फोटो बंद करता येत नाही. हे न सांगता व्यवस्था विकणाऱ्यांनी तिच्यावरचा विश्वास घालवला आहे, आणि विश्वास गेला की लोक ती वापरायचीच टाळतात.

शेवटची गोष्ट, ज्याबद्दल कोणी विचारत नाही: हा सर्व्हर बंद कसा करायचा. सर्व्हर काढून टाकला की काम संपलं, असं इथे चालत नाही. कन्सोलमध्ये सुरक्षा धोरणांखाली डीकमिशनिंग नावाचा भाग आहे. तो चालू केल्यावर क्लस्टर सगळ्यांना फाइलींची किल्ली देतो, म्हणजे लोकांना संरक्षण काढून फाइल साधी करून ठेवता येते. हे पाऊल मागे घेता येत नाही आणि रोल काढून टाकण्याच्या आधीच ते उचलावं लागतं. त्याआधी टीपीडीची निर्यात करून ती जपून ठेवावी लागते. आता बऱ्याच कंपन्या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरच्या सेवेकडे वळत आहेत. तिथेही जुन्या फाइलींसाठी हीच टीपीडी आयात करावी लागते, आणि सुपर युजरची सोय तिथेही सुरुवातीला बंदच असते.

तुमच्याकडे असा सर्व्हर आज चालू असेल, तर या आठवड्यात टीपीडी निर्यात करा आणि ती त्याच सर्व्हरवर न ठेवता दुसरीकडे ठेवा. नंतर एका वेगळ्या चाचणीच्या यंत्रणेत ती आयात करून, सर्वांत जुनी सापडेल ती संरक्षित फाइल उघडून पाहा. ती उघडली नाही, तर मूळ मशीन चालू आहे तोवरच दुरुस्ती होऊ शकते.